शाळा बदलायची म्हणजे नक्की काय करायचं?

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. मला आज आपल्या रविवारच्या मराठी शाळेचा अहवाल द्यायला सांगितलंय, तो आधी उरकते. मुलं वाढलीत, खोल्या कमी पडतायत, बाराखडीच्या वर्गाला अजून एक ताई किंवा दादा हवाय. झाला अहवाल. उरलेल्या वेळात मला दुसरंच बोलायचंय, कारण गेला आठवडाभर ते डोक्यातून जातच नाहीये.

मागच्या मंगळवारी रात्री जेवताना आमचा वाद चालला होता, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी होतो तोच. आम्ही शिकागो शहरात राहतो, मुलगी सहावीत, घराजवळच्या पब्लिक, म्हणजे सरकारी शाळेत जाते, आता पुढे काय. हे म्हणत होते नेपरव्हिलला, त्या उपनगरात घर बघूया, मी म्हणत होते आधी सिलेक्टिव्ह एनरोलमेंटची, म्हणजे शहरातल्या निवडक सरकारी शाळांच्या प्रवेशाची परीक्षा तर देऊ दे. आवाज चढले होते, आणि दोघांनी मिळून दहा वेळा तरी 'शाळा बदलायची' असं म्हटलं असेल. लेक वरणभात कालवत होती. तिने विचारलं, "शाळा बदलायची म्हणजे दुसऱ्या शाळेत जायचं, की हीच शाळा बदलायची?"

तिला खरंच कळलं नव्हतं हो. तिचं मराठी आपल्या रविवारच्या शाळेतलं, तिने व्याकरणाची शंका विचारावी तसं विचारलं. हे पाणी आणायला उठले आणि मी कोशिंबीर वाढत बसले, तिच्या पानात आधीच होती तरी.

आता जे शहरात राहतात त्यांना माहीत असेल, शिकागोत पाचशेच्या वर पब्लिक शाळांना स्वतःचं लोकल स्कूल कौन्सिल असतं. हे काही शोभेचं मंडळ नाही. प्रिन्सिपल कोण हे कौन्सिल ठरवतं, चार वर्षांचा करार, दरवर्षी त्यांचं मूल्यमापन, शाळेचं बजेट आणि शाळा सुधारणेचा आराखडा यांना मंजुरी, हे सगळं त्यांच्या हातात. आणि त्यात बसतं कोण? ६ पालक, परिसरातले २ रहिवासी, २ शिक्षक, १ शिक्षकेतर कर्मचारी आणि प्रिन्सिपल. हायस्कूल असेल तर विद्यार्थीसुद्धा. म्हणजे निम्मे पालक! हे असंच कोणी दिलेलं नाही. १९८७ मध्ये शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला, मुलं घरी बसली, पालक चिडून रस्त्यावर आले, महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले, पण १९८८ मध्ये कायदा झाला. १९८९ च्या पहिल्या निवडणुकीला १७ हजारांहून जास्त उमेदवार उभे होते. आज बऱ्याच शाळांत पालकांच्या ६ जागांना ६ माणसं उभी राहत नाहीत.

आमच्या शाळेतही दोन जागा रिकाम्या आहेत. कौन्सिलचे ईमेल मला चार वर्षं येत होते, मी एकही उघडला नव्हता. मंगळवारच्या त्या प्रश्नानंतर गुरुवारी मी पहिल्यांदा मीटिंगला गेले.

लायब्ररीत मीटिंग होती, मुलांच्या बुटक्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला लागतात अशा. प्रिन्सिपल बाई आराखड्याच्या स्लाइड्स दाखवत होत्या, रीडिंग इतकं वाढवायचं, विज्ञान इतकं. पालकांच्या जागेवर एक मेक्सिकन आजी होत्या, सत्तरीच्या असतील, नातवाला त्याच सांभाळतात. त्यांच्याकडे एक स्पायरलची वही होती, कोपरे दुमडलेली. त्यांनी वही उघडली आणि स्पॅनिशमध्ये तारखा वाचायला लागल्या, शाळेतला क्लार्क इंग्रजीत सांगत होता. सप्टेंबरच्या इतक्या, ऑक्टोबरच्या इतक्या. नातवाच्या वर्गाला ज्या ज्या दिवशी विज्ञानाला शिक्षक नव्हता, मुलांना नुसतं हॉलमध्ये बसवून ठेवलं होतं, त्या तारखा. पेन्सिलने लिहिलेल्या. २३ होत्या. सगळ्या वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि विचारलं, विज्ञानाचे मार्क वाढवायचे असं तुम्ही लिहिलंय, ते वाढवणार कोण?

मंडळी, तो वर्ग माझ्या मुलीचा आहे. मला त्या २३ मधली एकही तारीख माहीत नव्हती. कारण तिला शनिवारी विज्ञानाचा ऑनलाइन क्लास लावलाय, तिचे मार्क चांगलेच येत होते, मग मला कशाला काय कळणार! छत गळत होतं आणि मी माझ्या मुलीपुरती छत्री धरून बसले होते. ज्यांच्याकडे छत्री नाही त्यांना गळती कुठे आहे ते बरोबर ठाऊक असतं. घरी येताना गाडीत मला एकच वाटत होतं, की अशा मंडळांवर कोण बसावं याचं उत्तर त्या वहीत आहे. ज्याला दुसरी शाळा घेणं परवडत नाही, ज्याला हीच शाळा बदलायला लागते, त्याची खुर्ची तिथे पहिली.

आणि हे आपल्याला नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे हेच सांगितलं होतं ना, की प्राथमिक शाळेचा मास्तर शेतकऱ्यांच्यातलाच हवा, त्यांच्यात मिसळणारा, त्यांची नड समजणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरू शकणारा. ते मास्तराबद्दल बोलले, मी कौन्सिलबद्दल बोलतेय, पण गोष्ट तीच.

शुक्रवारी रात्री मी कराडला वहिनींना फोन केला. त्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला तेव्हापासून तिकडे समितीत ७५ टक्के पालक लागतात, निम्म्या बायका लागतात, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायला लागते. म्हणजे कागदावर शिकागोच्याही पुढे. मी वहिनींना म्हटलं, कसं चालतं? त्या म्हणाल्या, "अगं पहिलं वर्ष रजिस्टर घरी यायचं, मी पीठ मळता मळता सही करायचे." मग एकदा त्यांच्या मुलाने सांगितलं की आज खिचडीत नुसतंच पाणी होतं, तर या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाऊन मुलांच्या पंगतीत ताट घेऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या जेवल्या. आठवडाभर रोज. खिचडी घट्ट झाली आणि रजिस्टर घरी यायचं बंद झालं, आता मीटिंग असते. म्हणजे जागा राखून भागत नाही, त्या जागेवर जाऊन बसायला लागतं, हे वहिनी मला पीठ चाळता चाळता सांगत होत्या.

आता थोडं रागावते, घरचीच आहे म्हणून. गणपतीच्या जेवणात मसालेभात की पुलाव यावर आपल्या ग्रुपवर दोन दिवस मेसेज चालतात. मंडळाच्या कार्यकारिणीसाठी पॅनेलं पडतात. आणि शाळा म्हटलं की आपण काय बघतो, रेटिंग. दहापैकी नऊ आहे का, मग घर घ्या. आपल्यापैकी कितीजण व्हिसाचं कारण सांगतात, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, उद्या इथे असू की नाही. अहो पण शिकागोच्या कौन्सिलला नागरिक असायची अटच नाही! पालक असलात की मत देता येतं, उभंही राहता येतं. सगळ्या शहराच्या शाळा चालवणाऱ्या मोठ्या बोर्डाचं तसं नाही, तिथे मतदानाला नागरिकत्व लागतं, आणि तिथेही इतकी वर्षं महापौरच सगळे नेमायचे, २०२४ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा १० जण मतांनी आले, ११ नेमलेलेच. शाळेतलं दार मात्र १९८९ पासून उघडं आहे.

आणि ज्यांची मुलं शिकून पांगली, जे आज पुढच्या रांगेत बसलेत, त्या शहरातल्या काका-काकूंना पण सांगते. कौन्सिलमधल्या दोन जागा परिसरातल्या रहिवाशांसाठीच आहेत. सुरुवातीला पालकांचे प्रतिनिधी फक्त पालक निवडायचे, १९९० मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने ते अमान्य केलं, म्हणाले शाळेशी सगळ्याच रहिवाशांचा संबंध आहे, कर सगळेच भरतात, मताचं वजन सारखं हवं. मग कायदा बदलला. तेव्हा आमचं काय आता शाळेत, असं म्हणू नका. निदान संध्याकाळी एकदा जाऊन त्या बुटक्या खुर्चीवर बसून या, गुडघे दुखतील, पण बसून या.

एवढं बोलल्यावर मी उभी राहणार असं तुम्हाला वाटत असेल. फॉर्म आणलाय, फ्रिजवर लावलाय. पण एक अडलंय. मीटिंगबद्दल मी आमच्या बिल्डिंगमधल्या तीन-चार आपल्या घरांना सांगितलं तर सगळेच उत्साहात, म्हणाले चला आपण चौघं मिळून उभे राहू, फ्लायर काढू, शाळेच्या गेटवर उभं राहू, सहज येऊ निवडून. येऊ पण. आपल्याला इंग्रजी येतं, प्रेझेंटेशन येतं, बजेटचा तक्ता अर्ध्या तासात लावून देऊ. पण निवडणुकीला सहाच्या सहा जागा खुल्या असतात, आणि त्या आजी फ्लायर काढणार नाहीत.

काल रात्री लेक फ्रिजमधून दूध काढत होती, फॉर्म वाचला तिने, नाव लिहायची जागा रिकामी आहे तेही बघितलं. म्हणाली, "तुम्ही चौघं आलात तर त्याची आजी राहील का?" तो मुलगा तिच्या बाकावर बसतो. मी म्हटलं बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे हो की नाही?"