दक्षिणेकडे कललेलं झाड

(दृश्य : आंजर्ले. नारळी-पोफळींच्या वर डोकं काढलेलं एकच झाड.)

हे झाड वाकडं आहे, आणि वाऱ्यामुळे नाही. समुद्र इथे पश्चिमेला, पावसाळी वाराही तिकडूनच येतो. वाऱ्यानं रेटलं असतं तर ते पूर्वेकडे कललं असतं. हे कललंय दक्षिणेकडे.

गावात याला ख्रिसमस ट्री म्हणतात, रोपवाटिकेत अरोकेरिया. मूळचं न्यू कॅलेडोनियाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरचं. कॅप्टन कुक १७७४ साली तिथे पोचला, म्हणून हा कुक पाइन. २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतल्या २५६ झाडांचा कल मोजून प्रसिद्ध केला. सरासरी साडेआठ अंश, आणि बहुतेक सगळी झाडं विषुववृत्ताकडे कललेली. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून आपलं झाड दक्षिणेला. त्याला दोर बांधून सरळ करायला जाऊ नका. तो त्याचा स्वभाव आहे.

(दृश्य : किनारा, सुरूचं बन.)

कुक पाइन सूचिपर्णी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणारं झाड. सुरूही सुयांचाच दिसतो, पण तो सूचिपर्णी नव्हे. त्याच्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या, आणि त्याला फुलं येतात. अंगणातली मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी. तीच, जिची डहाळी आपण ‘विद्या’ म्हणून वहीत जपायचो.

(दृश्य : काकींचे हात, पहार, चिरे.)

आता काकींचे हात बघा. गणपती झाले, पावसाचा जोर ओसरला. कुक पाइनचं रोप लावायचंय, पण काकी खड्डा खणत नाहीत. कातळात खणलेला खड्डा पावसात टाकीसारखा भरतो, आणि या झाडाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. आधीची दोन रोपं अशीच गेली.

म्हणून जमीन पहारीनं नुसती भुसभुशीत केली. वर चिऱ्यांचे दोन थर गोल रचले, चिऱ्यांमध्ये पाणी झिरपायला फटी ठेवल्या. आत लाल माती, नदीची वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. ओलं किंवा ताजं शेणखत नको. पिशवी ब्लेडनं उभी चिरली. तळाशी गोल फिरलेली मुळं बोटांनी हळूच मोकळी केली. इथे घाई करू नये, काकींनीही केली नाही. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप पुरलं, खोडाभोवती माती चढवली नाही. मग नारळाची सोडणं पसरली, खोडापासून वीतभर लांब.

खाऱ्या वाऱ्याची या झाडाला भीती नाही, ते बेटावरचंच आहे. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी द्यावं लागतं. माती बोटभर खोल सुकली की द्यायचं, रोज नाही.

(दृश्य : शेंडा, जवळून.)

हा मधला शेंडा. याला कात्री लावायची नाही. तो गेला की झाडाचा डौल गेला. रोप सावलीत कोंडून ठेवू नका, खालच्या फांद्या वाळून गळतात. आणि बाजूच्या फांदीचं कलम करू नका. ते जगलं तरी उभं वाढत नाही, आडवंच पसरतं. रोप बियांचं, नाहीतर शेंड्याच्या कलमाचंच घ्यावं.



(दृश्य : जून, पहिला मोठा पाऊस. निवेदन थांबतं, फक्त पावसाचा आवाज.)

पागोळ्यांचं पाणी अंगणातून वाहत येतं, चिऱ्यांच्या गोलाला वळसा घालतं आणि पाणंदीकडे निघून जातं. रोप वर उभं, बुंध्याशी साचलेलं पाणी नाही.