शिगमा आटोपला, गाडी थारला

[दृश्य: कुत्र्याचा पंजा, जवळून]
काळूच्या पंजात भरुट रुतलंय. थारच्या वाळूत उगवणारं गवत. त्याची काटेरी बोंडं कपड्यांत, केसांत, बोटांच्या बेचक्यांत, मिळेल तिथे चिकटतात. काकू चिमट्याने एकेक काढताहेत आणि काळू भलतीकडे बघतोय, जणू पाय त्याचा नव्हेच.

[दृश्य: गोव्यातल्या फोंड्यातलं गॅरेज]
काका-काकू बँकेतून निवृत्त झाले. फिरायचं ठरलं, पण काळू आणि मनी मांजरीला ठेवायचं कुणाकडे? कुणाकडेच नाही, असं म्हणून त्यांनी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली. मागच्या सीटा निघाल्या. छताला आतून थर्माकोल, वर प्लायवूड, बाहेरून पांढरा रंग. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो खिडक्यांनी. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. अंग थंड करायचं तर धापा टाकणं, एवढंच त्याच्या हातात. उन्हातल्या बंद गाडीत ते पुरत नाही. म्हणून प्रत्येक खिडकीला स्टीलची जाळी आणि छतात गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. इंजिन बंद असलं तरी पंखा फिरला पाहिजे, त्यासाठी सौर पॅनल आणि वेगळी बॅटरी. आरटीओच्या फेऱ्या आम्ही टिपलेल्या नाहीत. कुणी बघितल्याही नसत्या.

[दृश्य: धावता रस्ता]
फोंड्याचा रोमटामेळ, म्हणजे शिगम्यातली ढोल-ताशांची मिरवणूक, झाला, काजूची बाग शेजाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि गाडीने गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला. मग कोकण, गुजरात, सांचोर, बाडमेर.

[दृश्य: फुललेला रोहिडा]
हा रोहिडा, थारमधलं झाड. ऊन तापायच्या आत फुलून घेतो, शेंदरी, पिवळा. मार्चमध्ये जैसलमेरकडे दुपारी पारा तिशीपार आणि पहाटे स्वेटर. तेव्हा वेळापत्रक काळूचं: फिरणं उजाडताना नाहीतर ऊन उतरल्यावर. काका आधी वाळूवर पालथा हात टेकवून बघतात. हात टिकला तरच खुंटीवरचा पट्टा खाली येतो. अंधार पडला की टॉर्चशिवाय पाऊल नाही, कारण आपल्याकडचं फुरसं इथेही आहे, वाळूत अंग बुडवून बसलेलं. मनीचं मात्र बरं चाललंय. तिचा ट्रे भरायला दाराबाहेर अख्खं वाळवंट!

[दृश्य: उद्यानाचं कुंपण]
डेझर्ट नॅशनल पार्क, १९८० सालचं, ३,१६२ चौरस किलोमीटर. माळढोक इथे उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच, आणि मोकाट कुत्री ते फस्त करतात. काळू या भागात खाली उतरलाच नाही.

[दृश्य: परतीचा महामार्ग]
परतताना गुजरातेत मनीने खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, आता ठीक आहे. काकू म्हणतात, गर्मी बाधली. काका म्हणतात, सुका जवळा संपला होता. गाडी सध्या गॅरेजात आहे. छताला दुसरा पंखा बसतोय.