मुलाला शंका कुठल्या भाषेत विचारता येते?

(ठाण्यात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘खाजगी द्विभाषिक प्राथमिक शाळा कशी निवडावी’. त्यावर मी बोलणारच आहे. पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी सध्या काय चाललंय, ते मला न सांगता कळतं. टीपॉयवर माहितीपत्रकांचा ढीग. आजी म्हणतात, मो. ह. नाहीतर सरस्वती शाळा, आपल्या घरातले सगळे तिथेच शिकले. बाबांना घोडबंदर रोडची नवी शाळा आवडलीय. आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, ‘अमक्या शाळेचा फॉर्म मिळाला का?’

मी नोकरीभर पहिली-दुसरीला शिकवलं, तेही सेमी इंग्रजीच्या वर्गाला. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. शाळा मराठी म्हणवते की इंग्रजी, की दोन्ही, हे नंतर बघा. आधी हे बघा की वर्गात मुलाला अडलं तर ते कुठल्या भाषेत विचारू शकतं, आणि बाई त्या प्रश्नाचं काय करतात. बाकी सगळं ह्याच्या मागून येतं.

‘द्विभाषिक’ या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे मराठी संस्थांचं सेमी इंग्रजी: भाषा आणि परिसर मराठीतून, गणित इंग्रजीतून, पुढे विज्ञानही. पूर्वी हे आठवीपासून असायचं, मग पाचवीपासून झालं, आता कितीतरी ठिकाणी पहिलीपासून आहे. पहिली-दुसरीत विज्ञान हा विषयच नसतो, तेव्हा तिथे सेमी म्हणजे प्रत्यक्षात फक्त गणित. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा, जी माहितीपत्रकावर ‘बायलिंग्वल’ छापते, कारण आठवड्यात मराठीचे काही तास असतात. अहो, ते तास ठेवणं तिला भागच आहे! २०२० साली राज्याने कायदा केला आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने ती लागू झाली. कायदा पाळणारी शाळा एवढ्यावरून द्विभाषिक ठरत नाही. मराठीत गोष्ट सांगितली जाते का, मराठीत भांडण सोडवलं जातं का, मराठीत विचार करून उत्तर देता येतं का, त्यावर ते ठरतं.

आता एक प्रसंग सांगते. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझ्या भाचीचा मुलगा, सहा पूर्ण. पहिलीच्या प्रवेशासाठी अशाच एका ‘बायलिंग्वल’ शाळेने बोलावलं. नाव सांगणार नाही. भाची म्हणाली, आत्या, तू चल. आधी आम्हाला इमारत दाखवली. एसी वर्ग, भिंतभर फळा, वर गच्चीवर फुटबॉलचं मैदान. मी म्हटलं, एखादा वर्ग चालू असताना बघता येईल का? ‘मॅम, दॅट इज नॉट अवर पॉलिसी.’ मग ‘इंटरॅक्शन’. समोर दोन शिक्षिका, मध्ये पोरगं, मागे आईबाप.

कार्डावर आंब्याचं चित्र. ‘व्हॉट इज धिस?’ पोरगं गप्प. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, जरा वाकडं केलं, परत सरळ केलं. शिक्षिकेने पुन्हा विचारलं. हा आईकडे वळून म्हणतो, ‘आई, हा हापूस नाहीये. ह्याला चोच आहे. ही पायरी आहे.’

(हशा)

हसा, मलाही तेव्हा हसू आलं, इतकं कौतुक वाटलं. कारण त्याचं बरोबर होतं! चित्रातला आंबा नेहमी चोच दाखवूनच रंगवतात, आणि हापूसला तशी चोच नसते. आजोळी राजापूरला दोन्ही कलमं आहेत, दर मे महिन्यात तो आढीपाशी बसलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाने निरीक्षण केलं, तुलना केली, कारण देऊन निष्कर्ष सांगितला. परिसर अभ्यास म्हणून आपण तिसरीत जे शिकवायला जातो, ते सगळं त्या तीन वाक्यांत होतं. आणि समोरच्या बाईंनी फॉर्मवर काय लिहिलं? ‘नीड्स इंग्लिश सपोर्ट.’ वर भाचीला सल्ला: ‘घरी मराठी जरा कमी करा.’

मंडळी, ह्या सल्ल्याची मला अजून चीड येते. पहिली गोष्ट, तो बेकायदा प्रसंग होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १३ वाचा. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. ‘मुलाखत’ म्हणा, ‘इंटरॅक्शन’ म्हणा, तिच्यावरून प्रवेश ठरत असेल तर ती चाळणीच.

दुसरी गोष्ट, तो सल्ला शिक्षणशास्त्रातही टिकत नाही. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हे मांडलंय की घरची भाषा पक्की असेल तर तिच्यात कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उतरते. आणि त्यांनी हेही दाखवलं की खेळण्या-बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे मी वर्गात डोळ्यांनी बघितलंय. पहिलीतलं पोर ‘मे आय ड्रिंक वॉटर’ म्हणतं, आईबाप खूश. तेच पोर चौथीत ‘बाष्पीभवन का होतं’ हे कुठल्याच भाषेत सांगू शकत नाही, कारण मराठी घरी कमी केलेली आणि इंग्रजी पाण्याच्या बाटलीपाशी थांबलेली.

बरं, गणिताकडे येते, कारण सेमीची खरी परीक्षा तिथे असते. २०१९ चा जून आठवतोय ना? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं आणि केवढा गदारोळ झाला. पार विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांच्यासारख्या गणितज्ञ बाईंनी हे का सुचवलं असेल, एवढं विचारायलाही कुणाला सवड नव्हती. मला सवड होती, कारण मी रोज पाटीवर तेच बघत होते. मी म्हणायचे ‘सत्तावीस’, आणि मुलं लिहायची ७२. का? कानावर सात आधी येतो. इंग्रजीत ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हटलं की दोन आधी येतो, लिहितानाही दोन आधी. त्यात आपला एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. घरी आजी सत्तावीस म्हणणार, शाळेत बाई ट्वेंटी सेव्हन म्हणणार, आणि दोन्हींच्या मध्ये सहा वर्षांचं डोकं.

आता चांगली द्विभाषिक बाई इथे काय करते? माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई खराट्याच्या काड्या धुऊन, सारख्या कापून आणायच्या. दहा-दहाच्या जुड्या, वर रबर. ‘शो मी ट्वेंटी सेव्हन’ म्हणायच्या. मुलगी दोन जुड्या उचलायची, सात सुट्या. मग बाई विचारायच्या, आता घरी आजीला सांगायचंय, कसं सांगशील? एक दिवस एका मुलीने विचारलं, ‘बाई, मराठीत सुट्या आधी का मोजतात आणि इंग्रजीत जुड्या आधी का?’ मंडळी, द्विभाषिक शिक्षणाचं सोनं ते हे! हा प्रश्न फक्त दोन भाषांत जगणाऱ्या मुलालाच पडू शकतो. आणि तो तिने मराठीत विचारला, इंग्रजी गणिताच्या तासाला. ‘आस्क इन इंग्लिश’ म्हणून तिला खाली बसवलं असतं, तर प्रश्न तिथेच संपला असता.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे आता निवड कशी करायची ते भराभर सांगते, लिहून घ्या.

शाळेत गेलात की पहिलीचा वर्ग मागू नका, तिसरीचा मागा. पहिलीचा सगळ्यांनी सजवलेला असतो. परिसर अभ्यास तिसरीत सुरू होतो, तिथे कळतं मुलं बोलतात की पाठ म्हणतात. वर्ग दाखवत नसतील तर दोन-तीन वह्या मागा. सगळ्या वह्यांत उत्तर शब्दशः तेच असेल तर ते फळ्यावरून उतरवलंय. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभं राहा आणि मुलं कशी भांडतात ते ऐका. दंड भरायला लावून इंग्रजी बोलायला लावणाऱ्या शाळेकडे तर फिरकूही नका.

गणित शिकवणाऱ्या बाईंना भेटायचा आग्रह धरा. त्यांची डी.एड., म्हणजे आताची डी.एल.एड., झालीय का, आणि इंग्रजीत अडलेलं मराठीत समजावता येतं का, हे पाच मिनिटांत कळतं. कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. तुकडीत किती मुलं आहेत ते स्वतः मोजा. ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांवर धूळ आहे का, बोट फिरवून बघा.

शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, मागा आणि मान्यता कोणत्या माध्यमाची आहे ते त्यावरून तपासा. माहितीपत्रकावरचं माध्यम आणि मान्यतेतलं माध्यम एकच हवं. फीबाबत २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी यावी लागते. ती समिती कशी निवडली आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रवेशाआधी विचारा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर घाई करून वय वाढवून सांगू नका. आणि अंतर! माजिवड्यापासून पुढे घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुम्ही रोज बघता. सहा वर्षांचं मूल बसमध्ये तास घालवून आलं की दोन्ही भाषा मिटून झोपतं. चालत जाता येईल अशी साधी शाळा आणि लांबची झगमगीत शाळा यांत मी डोळे मिटून जवळची घेईन, वर्गात शंका विचारू देत असतील तर.

कुणीतरी विचारलंय, सरकार मातृभाषेतून शिक्षण सक्तीचं का करत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं की प्राथमिकला मातृभाषेचं माध्यम राज्याला लादता येणार नाही, निवड पालकांची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ ‘शक्य असेल तिथे मातृभाषा’ एवढंच म्हणतं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले, कारण पालकही बोलले. तेव्हा ही निवड तुमच्या हातात आहे, आणि शाळेला प्रश्न विचारायचा अधिकारही.

भाचीचं विचाराल तर, मुलगा घराजवळच्या सेमीला आहे. परवा बाईंना विचारून आलाय की वर्तुळाला कोपरे का नसतात. बाईंनी मराठीत उत्तर दिलं, मग तोच शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहून दिला.

वेळ संपली. मागच्या रांगेतल्या त्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, त्यांना माइक द्या.