दीर्घिकासमूहाचं वजन आणि काट्याची परीक्षा

मंडळी, बाजारात काट्याचा संशय आला तर तो तपासायची सोय असते. शिक्का मारलेलं किलोचं वजन पारड्यात टाकायचं आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून तर खोट सापडते. मी ज्यांची वजनं काढण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्या दीर्घिकासमूहांसाठी असं शिक्क्याचं वजन आकाशात कुठेही नाही. ते संगणकात घडवावं लागतं. आज मी त्या घडवलेल्या वजनाबद्दल बोलणार आहे.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारावर दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की झाला दीर्घिकासमूह. त्याचं वस्तुमान सूर्याच्या 100 लाख कोटी पटीपासून 1000 लाख कोटी पटीपर्यंत. नाव दीर्घिकांचं असलं, तरी त्यांतल्या ताऱ्यांचा वाटा या वस्तुमानात जेमतेम दोन-तीन टक्के. साधारण 12 टक्के तापलेला वायू, आणि बाकीचं सगळं कृष्णद्रव्य. ते दिसत नाही, पण त्याची ओढ जाणवते. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकींनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि दिसणाऱ्या पदार्थाच्या जोरावर हा समूह एकत्र राहूच शकत नाही, असं सांगितलं. दीर्घिकासमूहाचं वजन काढणं तिथून सुरू झालं.

एवढा आटापिटा कशासाठी? विश्वात पदार्थ किती आहे आणि तो किती गोळा झाला आहे, यावर अतिजड समूहांची संख्या ठरते. समूह मोजायचे, त्यांची वजनं काढायची, की विश्वाबद्दल एक आकडा हाती येतो. पण वजनात 20 टक्के चूक झाली, तर तो आकडाही घसरतो.

आता वायूकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. समूहातला वायू एक ते दहा कोटी अंश तापलेला असतो आणि क्ष-किरण सोडतो. विरळ इतका, की बऱ्याच भागात एका घनमीटरमध्ये हजारभर कण असले तरी पुष्कळ. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं आणि वायूचा दाब त्याला बाहेर रेटतो. दोन्हींचा तोल साधलेला आहे असं धरलं, तर तापमान आणि घनता केंद्रापासून बाहेर कशी बदलत जाते एवढ्यावरून आतलं सगळं वस्तुमान काढता येतं, न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यासकट. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या 1999 मध्ये सोडलेल्या दोन दुर्बिणींनी कितीतरी समूह असे तोलले आहेत.

पण तो तोल साधलेला असतो का?

संशोधक विद्यार्थी असताना मला एक आभासी समूह तोलायला दिला होता. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकात चालवलेल्या आभासी विश्वात, विश्वाच्या सुरुवातीची अवस्था भरायची आणि गुरुत्वाकर्षण, वायूचे नियम, ताऱ्यांची निर्मिती, कृष्णविवरांची ऊर्जा हे सगळं धरून तेरा-चौदा अब्ज वर्षं पुढे चालवायचं. शेवटी हाती येते ती कणांची प्रचंड यादी: हा कण इथे, त्याचा वेग इतका, तापमान इतकं. वजन हवं असेल तर नुसती बेरीज करायची. पण तसं करायची मला मुभा नव्हती. त्या यादीतला प्रत्येक वायुकण किती आणि कोणत्या ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडेल ते आधी काढायचं. मग ते फोटॉन दुर्बिणीच्या आभासी आरशावर सोडायचे. आरशाच्या कडांना फोटॉन हरवतात, शोधकाला ऊर्जा नेमकी कळत नाही, पार्श्वभूमीचा गोंगाट असतो, आणि निरीक्षणाला ठरावीकच वेळ मिळतो. हे सगळे दोष मुद्दाम घालायचे. शेवटी उरते ती फोटॉनांची फाइल: वेळ, जागा, ऊर्जा. खऱ्या दुर्बिणीकडून येते तशीच. ती समोर घेऊन, उत्तर माहीत नाही असं समजून वजन काढायचं.

माझं उत्तर खऱ्यापेक्षा 15 टक्के कमी आलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे अशी माझी खात्री होती. तीन आठवडे ओळ न् ओळ तपासली. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, ती तोलाच्या गृहीतकात होती. त्या समूहात आणखी एक छोटा समूह येऊन मिसळलेला होता आणि वायू अजून ढवळला जात होता. ढवळणाऱ्या वायूच्या वेगालाही रेटा असतो. मी मात्र तापमानावरून मिळणारा दाब तेवढा मोजला होता. आधार कमी मोजला, म्हणून भारही कमी भरला.

हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं. 2007 मध्ये नागाई, विख्लिनिन आणि क्राव्हत्सोव्ह यांनी आभासी समूहांची चंद्रा दुर्बिणीसारखी निरीक्षणं बनवून वजनं काढली आणि ती 5 ते 20 टक्के कमी भरत असल्याचं दाखवलं. वायूचं एकूण वस्तुमान मात्र त्याच परीक्षेत बरंच नेमकं आलं. म्हणजे सगळा काटा खोटा नाही, कुठलं पारडं झुकतं ते कळलं.

तापमानाचाही असाच घोळ होता. समूहात थोडा थंड आणि थोडा अतितप्त वायू एकाच रेषेत असला, तर दुर्बीण दोघांचं मिळून एकच तापमान सांगते. ही सरासरी सरळ नसते. दुर्बिणीला कमी ऊर्जेचे फोटॉन जास्त चांगले पकडता येतात, त्यामुळे कौल थंड वायूकडे झुकतो. 2004 मध्ये माझोट्टा आणि सहकाऱ्यांनी या झुकण्याचं सूत्र दिलं. तोवर सिम्युलेशनवाले एका सरासरीबद्दल बोलत होते आणि निरीक्षक दुसरीबद्दल, पण नाव दोघं एकच वापरत होते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण त्याने वाद मिटवण्याआधी वाद नेमका कशाचा आहे ते दाखवलं.

2013 मध्ये या सगळ्याला एकदम महत्त्व आलं. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशावरून काढलेल्या अंदाजानुसार जड समूह बरेच जास्त असायला हवे होते. त्याच उपग्रहाच्या यादीतले निवडक 189 समूह मात्र कमी पडत होते. वजनं 20 टक्के कमी येतात असं धरूनही हिशेब जुळेना. 40 टक्के धरले तर जुळत होता. तेव्हा सगळा दोष काट्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. ढवळणाऱ्या वायूचा रेटा 40 टक्के चूक घडवून आणेल इतका मोठा आहे, असं सिम्युलेशन मात्र म्हणत नव्हतं. सोयीचं उत्तर समोर असताना ते न घेणं मला विज्ञानात सर्वांत अवघड वाटतं.

दुसरा काटा प्रकाशाच्या वाकण्याचा. समूहामागच्या दूरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा त्याच्या गुरुत्वाने किंचित ताणल्या जातात. त्या ताणावरून वजन काढताना वायू शांत आहे की अशांत याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण समूह चेंडूसारखा गोल नसतो, खारकेसारखा लांबट असतो. खारीक टोकाकडून पाहिली की त्या दिशेला माल दाट दिसतो आणि वजन जास्त भरतं. आडवी पाहिली की कमी. आकाशातली खारीक फिरवता येत नाही, संगणकातली येते. एकच समूह शंभर बाजूंनी पाहून ही चूक सरासरीत किती येते ते काढतात. इरोसिटा दुर्बिणीच्या 2024 मधल्या निकालात 5259 समूहांची वजनं याच मार्गाने बसवली होती, दुरुस्त्या सिम्युलेशनवरून घेतल्या होत्या, आणि तिथे उत्तर आरंभीच्या प्रकाशाशी जुळलं.

कोणता समूह ढवळलेला आहे हे ओळखायला आपल्या नारायणगावजवळची, खोडदची जीएमआरटी दुर्बीण उपयोगी पडते. तिच्या सर्वेक्षणांत काही समूहांच्या पोटात पसरट रेडिओ तेज दिसलं, आणि असे समूह बहुतेक वेळा नुकतेच धडकलेले निघाले. अशा समूहाचं क्ष-किरणी वजन दिसलं की मी आधी त्याकडे संशयाने पाहतो.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की शिक्क्याचं वजन तरी खरं कशावरून? 1999 मध्ये एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. एकच समूह, एकच सुरुवात, आणि बारा वेगवेगळे प्रोग्रॅम. कृष्णद्रव्याबाबत सगळ्यांचं छान जुळलं. केंद्रातल्या वायूवर मात्र दोन तट पडले. अवकाशाची जाळी करून हिशेब करणारे एक सांगत होते, कणांनी हिशेब करणारे दुसरं. म्हणजे आमचं शिक्क्याचं वजनही तपासावंच लागतं, आणि ते तपासायला खरं आकाश लागतं.

जपानच्या हितोमी उपग्रहाने 2016 मध्ये ते केलं. ययाति तारकासमूहातल्या पर्सियस या दीर्घिकासमूहाच्या गाभ्यातला वायू सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर वेगाने ढवळतो आहे, हे त्याने थेट मोजलं. त्या ढवळण्याचा दाब उष्णतेच्या दाबाच्या फक्त 4 टक्के निघाला. सोडल्यानंतर पाचेक आठवड्यांतच उपग्रह हातचा गेला. ती बातमी आली त्या दिवशी मी काही काम करू शकलो नाही. त्याच्या जागी 2023 मध्ये क्रिझम गेला आहे. कोमाच्या मध्यभागी त्याला सेकंदाला सुमारे 200 किलोमीटरचा वेग दिसला. सिम्युलेशनमधले समूह पुष्कळदा याहून जास्त खवळलेले असतात. म्हणजे आता परीक्षा आमची आहे.

गाभ्यातलं एवढं कळलं, कडा अजून उरल्या आहेत. खळबळीचा रेटा तिथे सर्वांत जास्त असतो, असं सिम्युलेशन सांगतं. पण तिथला वायू इतका विरळ की क्रिझमला एकाच जागेकडे दिवस-दिवस टक लावून बसावं लागतं, तेव्हा कुठे मोजके फोटॉन हाती लागतात. त्या निरीक्षणाची आभासी प्रत आम्ही बनवून ठेवली आहे. तितकाच वेळ, तितकाच गोंगाट. खरी फाइल आली की दोन्ही शेजारी ठेवून बघणार आहोत.