सर क्रीक : भांडण चिखलाचं नाही

[दृश्य : ओहोटी लागलेली खाडी, दूरवर तिवरं]

कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला सुमारे 96 किलोमीटर लांबीची ही खाडी, सर क्रीक. भरतीला पाणी, ओहोटीला पाय रुतेल असा चिखल. इथे ना शेती, ना गाव, ना प्यायचं पाणी. तरीही भारत आणि पाकिस्तान या खाडीवरून हटून बसलेत.

सुरुवात झाली सरपणावरून. 1908 च्या सुमारास काठावरच्या लाकडांसाठी कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात तंटा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून निवाडा मुंबई सरकारकडे आला. 1914 च्या सरकारी ठरावासोबत नकाशा होता. त्यातली हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठावरून जाते, म्हणजे अख्खी खाडी सिंधची. पाकिस्तान हीच रेघ पुढे करतो. भारत त्याच ठरावातला पुढचा परिच्छेद दाखवतो : जिथून नावा जातात तिथे हद्द प्रवाहाच्या मधोमध. 1925 च्या नकाशात हद्दीचे खांबही मधोमधच दाखवलेत. पाकिस्तान म्हणतो, इथून नावा जातातच कुठे? भारत म्हणतो, भरतीला येऊन बघा. मसुदा लिहिणाऱ्यानं दोन्ही पक्षांच्या वकिलांची सोय करून ठेवली म्हणायची.

1965 च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झाल्या, प्रकरण लवादाकडे गेलं. 1968 च्या निवाड्यात रणाचा सुमारे 90 टक्के भाग भारताकडे राहिला. सर क्रीक त्या निवाड्यात आलीच नाही.

[दृश्य : नकाशा, खाडीचं मुख आणि अरबी समुद्र]

खरी गोम खाडीच्या मुखाशी आहे. समुद्रातली हद्द तिथून सुरू होते. किनाऱ्यावर बिंदू जरासा इकडेतिकडे झाला, तरी रेघ 200 सागरी मैलांपर्यंत जाईतो मधली फट कात्रीच्या पात्यांसारखी रुंदावत जाते. त्या फटीतला समुद्र कुणाचा, हा प्रश्न आहे. तळाशी तेल-वायू असेल, अशी आस दोघांनाही आहे. तेलाचं तेव्हा बघू. मासळी मात्र आज आहे. सिंधूच्या मुखाचा गाळ, तिवरांची बेटं, तिथे वाढणारी पिल्लं, त्यामुळे हा पट्टा मासळीला चांगला.

भारतानं सुचवून पाहिलं, आधी समुद्रातली हद्द बाहेरून आत आखत येऊ. पाकिस्तानचं उत्तर : आधी खाडी, मग समुद्र. 2007 मध्ये दोघांनी मिळून मोजणी केली. 2012 च्या जूनमध्ये दिल्लीत बोलणी झाली. गाडी तिथेच अडली आहे.

[दृश्य : ओखा बंदर, बर्फ भरणाऱ्या बोटी]

पावसाळी बंदी उठली की डहाणू, तलासरीकडची पोरं उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात. रात्री जाळं पाण्यात असताना बोट प्रवाहाबरोबर सरकत राहते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, जीपीएसवर नजर ठेवून असतो. पण दोन्ही देशांनी सही केलेली रेघ तिथे नाहीच, तर तो नजर ठेवणार कशावर? पलीकडची गस्ती नौका आली की बोट आणि माणसं कराचीला. आपल्याकडेही सिंधचे मच्छीमार असेच पकडले जातात. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ओख्याजवळच्या समुद्रात बोटीवर गोळीबार झाला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार गेला.

2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमारांचा रकाना वेगळा असतो. शिक्षा संपली तरी नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत माणूस कराचीतल्या मलीरच्या तुरुंगात पडून राहतो. मग कधीतरी वाघा-अटारीवरून सुटका होते. बोटी मात्र बहुधा तिकडेच राहतात. बोट गेली की मालक कर्जात, आणि खलाशाची घरी खर्च होऊन गेलेली उचल अजून फिटायचीच असते.