निकाल फॉरवर्ड करण्याआधी

(ठाण्यात लघुउद्योजकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'ट्रेडमार्क कायद्यातले अलीकडचे निकाल आणि आपला धंदा'. पन्नास मिनिटं मिळणार होती, त्यातली बरीचशी माझा परिचय करून देण्यात गेली. परिचयात सांगितलं ते बहुतेक खरं आहे. (हशा) उरलेल्या वेळात निकाल सांगायचेत, आणि ते मी सांगणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न. धंद्याचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. बरं, आठ-दहा. आणि 'कोर्टाचा ऐतिहासिक निकाल' असा मेसेज पुढे ढकललेले किती? बघा, अख्खं सभागृह! पहिल्या रांगेतल्या काकूंनी तर दोन्ही हात वर केलेत. (हशा)

म्हणजे मी योग्य ठिकाणी आले आहे. माझं एक म्हणणं आहे आणि ते मी मिळेल त्या व्यासपीठावर मांडते. निकालात कोण जिंकलं, हे सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी बघायचं की तो कोणत्या टप्प्यावरचा आहे. अंतरिम मनाई, म्हणजे दावा चालू असतानाची तात्पुरती मनाई आहे, की दाव्याचा अंतिम निकाल? कुठल्या कोर्टाचा? त्यावर अपील झालंय का, आणि अपिलात स्टे, म्हणजे स्थगिती, मिळालाय का? ट्रेडमार्कच्या ज्या बातम्या तुमच्यापर्यंत येतात, त्यातल्या बऱ्याचशा अंतरिम हुकुमांच्या असतात. अंतरिम हुकूम म्हणजे कळव्याच्या सिग्नलला उभी राहिलेली लोकल. ठाणं समोर दिसतंय, पण उतरता येत नाही. आणि आपले लोक तिथेच उड्या टाकतात.

एका अशिलाची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, पण वागळे इस्टेटमधल्या मंडळींनी ओळखलं तर माझा इलाज नाही. मसाल्याचे उत्पादक. वडिलांच्या वेळेपासूनची चक्की, आता मशीनवर पाऊच भरतात. मी त्यांना काका म्हणते. काकांना एका मोठ्या कंपनीची नोटीस आली होती: तुमचं नाव आमच्या नोंदणीकृत नावासारखं आहे, वापर बंद करा. कंपनीची नोंदणी जुनी, पण महाराष्ट्रात माल उशिरा आलेला. काकांचं म्हणणं, 'मॅडम, यांचा माल इथे दिसायच्या आधीपासून मी विकतोय.' खरं होतं ते. उत्तर देऊ, कागद जमवा, असं आमचं ठरलं.

तेवढ्यात २०२४चा ऑगस्ट उजाडला आणि पुण्याची बातमी आली. तुम्हाला आठवत असेल. पुण्यात बर्गर किंग नावाचं एक स्थानिक हॉटेल १९९२पासून चालू आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली त्यांच्यावर दावा लावला होता. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कारण असं, की पुण्याचं हॉटेल १९९२चं आणि कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ला. पुणेकरांनी मोठ्याला लोळवलं, याचा आनंद काय वर्णावा! पुण्याबाहेरच्यांनाही झाला, हे विशेष. (हशा)

काकांचा फोन. 'मॅडम, वाचलंत का? आपलं सेम टू सेम आहे. छापायला टाकतो.'

म्हटलं, 'काका, थांबा.'

थांबतील ते काका कसले! पाऊच छपाईतली मंडळी इथे असतील, त्यांना मी सांगायला नको. प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर. काकांच्या पाऊचवर मिरची लाल, हळद पिवळी, पानं हिरवी, अक्षरं काळी आणि मागे पांढरा थर. मोजा सिलिंडर. वर प्रिंटर कमीत कमी अमुक किलो रोल घेतल्याशिवाय मशीनच लावत नाही. काकांनी जुनंच नाव, पण आणखी ठळक करून, नव्या डिझाइनमध्ये टाकलं छापायला. हे आधी मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या दारात जाऊन बसले असते.

इकडे अमेरिकन कंपनी अपिलात गेली आणि रोल हातात यायच्या आत हायकोर्टाचा अंतरिम हुकूम आला, कंपनीच्या बाजूने. हाही ऑगस्टच. काकांचा मेसेज: 'आता?' डिसेंबरात हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. पुन्हा मेसेज: 'आता??' २०२५च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या त्या हुकुमाला स्थगिती दिली आणि मूळ अपील हायकोर्टात चालू द्या म्हणून सांगितलं. मेसेज: 'जिंकलो!!!' आता काका काही त्या खटल्यात पक्षकार नव्हते, पण हरल्या-जिंकल्याची सगळी सुखदुःखं त्यांनीच भोगली. आठेक महिन्यांत चार बातम्या, प्रत्येक बातमीत कोणीतरी 'जिंकलं', आणि अपिलाचा निकाल एकीतही नव्हता.

बरं, काकांचं प्रकरण पुण्यासारखं होतं का? इथे जरा थांबू या, वेळ गेला तरी चालेल. ट्रेडमार्क कायदा १९९९चा. त्यातलं कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देतं. पण कसं? तुमचा वापर समोरच्याच्या वापराच्या आधीचा हवा आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीचा हवा. दोन्हींपैकी जी तारीख आधीची, तिच्याही आधी तुम्ही उभे पाहिजे. अमेरिकन कंपनीचं म्हणणं, आमची भारतातली नोंदणी १९७९ची आहे. मग १९९२ हे २०१४च्या आधी आलं, पण १९७९च्या आधी आलं का? माझ्या मते खरं भांडण इथे आहे. त्यावर हॉटेलवाला म्हणणार, नोंदणी करून इतकी वर्षं नाव नुसतं कपाटात ठेवलंत त्याचं काय? पाच वर्षांहून जास्त वापर नसेल तर नोंदणी रद्द करून मागता येते, ते कलम ४७. शिवाय परदेशातली कीर्ती इथे आपोआप चालत नाही. टोयोटा कंपनी 'प्रियस' या नावासाठी सुप्रीम कोर्टात गेली होती, तिला २०१७मध्ये कोर्टाने सांगितलं की इथल्या बाजारात, इथल्या गिऱ्हाइकात त्या वेळी तुमचं नाव झालं होतं, हे दाखवा. दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे, म्हणून तर केस इतकी रंगली. पण 'छोट्याने मोठ्याला हरवलं' या तीन शब्दांत यातलं काहीही मावत नाही.

काकांकडे मी कागद मागितले. त्यांनी माळ्यावरून एक बिलबुक काढून आणलं. हळदीने पिवळी झालेली पानं, कार्बनचे ठसे. मला आनंद झाला. मग शिक्का बघितला. शिक्क्यावर वडिलांचं नाव आणि पुढे 'आणि सन्स'. ज्या नावावरून भांडण, ते नाव बिलावर कुठेच नाही! दुकानाच्या गुमास्ता परवान्यावरही वडिलांचंच नाव. पाकिटावर ते नाव कधीपासून छापायला लागलात, विचारलं, तर म्हणाले, 'पहिल्यापासून.' पहिलं पाकीट आहे? 'मॅडम, मसाल्याचं रिकामं पाकीट कोण ठेवतं?'

आज घरी गेलात की जुनी पाकिटं, जुनी कॅलेंडरं, दिवाळी अंकातल्या जाहिराती, सगळं एका फाइलला लावा. माल त्या नावाने विकला जात होता हे तारखेसकट दिसलं पाहिजे. ते दाखवता आलं तर कोर्टात वजन पडतं. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये स्वच्छ सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोविशील्ड घ्या. लसीचं नाव म्हणून जगाला माहीत झालेलं, पण नांदेडच्या क्युटिस बायोटेकने तेच नाव सॅनिटायझर वगैरेंसाठी घेतलेलं होतं. लस बनवणाऱ्या पुण्याच्या सीरमच्या विरोधात त्यांनीच मनाई मागितली. पुण्याच्या कोर्टाने २०२१च्या जानेवारीत नाही म्हटलं, एप्रिलमध्ये हायकोर्टानेही नाही म्हटलं. नावाचा आधीचा वापर सीरमचा दिसला आणि दोघांचा माल वेगळा. पुन्हा पुणंच! पण याचा आपण काही जल्लोष केला नाही. लसीच्या रांगेत होतो.

काकांचं शेवटी तडजोडीने मिटलं. नावाला आडनाव जोडलं, रंगसंगती बदलली, लेखी करार झाला. ते रोल अजून गाळ्यात आहेत. घरी त्यांच्या पत्नी त्याचा विषय काढू देत नाहीत.

(आयोजकांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? अहो, निकाल तर आत्ता सुरू होतायत. (हशा) बरं, पळते.

नाव ठरवताना लक्षात ठेवायचा निकाल: ऑगस्ट २०२५, सुप्रीम कोर्ट. 'ब्लेंडर्स प्राइड' विरुद्ध 'लंडन प्राइड'. गालातल्या गालात हसू नका, नुसती नावं सांगतेय. 'प्राइड' हा शब्द त्या धंद्यात सगळेच वापरतात, त्यावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही. नावं तुकडे न करता अख्खी घ्या आणि साधारण ग्राहक फसेल का ते पाहा, असं म्हणून कोर्टाने मनाई नाकारली. धडा असा की 'स्पेशल', 'रॉयल', 'शुद्ध', 'घरगुती' यांच्या जोरावर कोणाला अडवायला जाऊ नका. देवादिकांचंही तेच. २०१७मध्ये मुंबई हायकोर्टात 'लक्ष्मी' नावाच्या झाडूचा वाद आला होता. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतो, तिला लक्ष्मीच म्हणतो, मग झाडूवर हे नाव एकालाच कसं देणार? दिलं नाही. 'रामायण' नावाच्या उदबत्तीलाही सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये नकार दिला होता.

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी दोन. पहिला गूगलचा. तुमच्या नावाने कोणी शोधलं की प्रतिस्पर्ध्याची जाहिरात वर येते, हा अनुभव असेल. दिल्ली हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचने, म्हणजे दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, २०२३च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की दुसऱ्याचं नाव जाहिरातीसाठी कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, म्हणून वापरणं म्हणजे दरवेळी उल्लंघन नव्हे, पण त्यातून ग्राहकाची दिशाभूल झाली तर गूगलला 'आम्ही नुसते मध्यस्थ' म्हणून हात झटकता येणार नाहीत. म्हणजे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. दुसरा ॲमेझॉनचा. घोड्यावर बसलेल्या पोलो खेळाडूचं चिन्ह, बेव्हर्ली हिल्स पोलो क्लबचं. त्याच्या नकलेबद्दल दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २०२५मध्ये ॲमेझॉनवर सुमारे ३४० कोटींची भरपाई लावली. हा मेसेज तुम्ही सगळ्यांनी पाठवलात. जुलैमध्ये डिव्हिजन बेंचने त्याला स्थगिती दिली, तो कोणी पाठवला? एकानेही नाही. पहिल्या रांगेतल्या काकूंनीही नाही. (हशा)

मग दावा लावायचा कुठे? तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथे लावता येतो, कलम १३४. ठाण्याचा असेल तर ठाण्याचं जिल्हा न्यायालय. हायकोर्टाची मूळ शाखा, जिथे थेट दावा लावता येतो, ती मुंबईच्या हद्दीपुरती, म्हणजे मुलुंड चेकनाक्यापर्यंतच. आणि व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये सांगितलंय. तातडीची मनाई हवी असेल तरच सूट. ही तातडी खोटी नको, असं २०२३मध्ये बजावलं. पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये नोव्हेन्को प्रकरणात म्हटलं की बौद्धिक संपदेचं उल्लंघन रोज चालूच असेल तर तातडी त्यातच आली. तीन निकाल एका रांगेत वाचले तर अर्थ लागतो. मधला एकटा उचललात तर घाबराल.

जपानच्या सुमितोमो कंपनीच्या टायरला गुलाबाचा वास आहे आणि तो वास ट्रेडमार्क म्हणून आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहिरातीसाठी (म्हणजे कोणाची हरकत आहे का ते पाहायला) स्वीकारला, हे मला सविस्तर सांगायचं होतं. राहिलं. आमच्या काकांनी लगेच विचारलं होतं, मसाल्याच्या वासाचं काय? काका, मसाल्याला मसाल्याचा वास येतो, त्यात वेगळं काय! टायरला गुलाबाचा येत नाही, म्हणून तो चालला.

आता शेवटचा, आणि हा इथल्या सीए मंडळींसाठी. सप्टेंबर २०२३, सुप्रीम कोर्ट, देशी दारूच्या लेबलचा वाद, एका बाजूला कराडकडचा आपला कृष्णा कारखाना. दावा लावणाऱ्याने विक्रीचे आणि जाहिरातखर्चाचे आकडे सीएच्या दाखल्यासह दिले होते. कोर्ट म्हणालं, अंतरिम मनाईपुरतं हे चालेल, पण अंतिम निकालाच्या वेळी आकडे पुराव्याने सिद्ध करावे लागतात, नुसता दाखला पुरत नाही. म्हणजे दाखला देणाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहून, हिशेबाच्या वह्या दाखवून, उलटतपासणी द्यावी लागणार. तिसऱ्या रांगेतले दोघे सीए एकमेकांकडे बघतायत. त्यांनी आता फी वाढवली तर मला दोष देऊ नका. (हशा) अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे मला बसायला हवं.