मडक्यातलं विरजण

(पहाट. चूल. झाकलेलं मडकं.)

वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. गोठ्यात गवळाऊ गाय. दूध मोजकंच देते, पण घरचं.

झाकण निघतंय, बघा. काल रात्री या कोमट दुधात चमचाभर विरजण पडलं. ते कॅमेऱ्यात टिपायचं राहिलं. आम्ही पोचलो तेव्हा घर झोपलं होतं. खरं काम झालं ते त्यानंतर. विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली साखर खाल्ली, लॅक्टिक आम्ल सोडलं. आंबटपणा चढला तशी दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसली आणि दही लागलं. वैशाखात हे काही तासांत होतं. थंडीत मात्र मडक्याला गोधडी लागते.

(आजींचे हात. विरजणाची वाटी.)

रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ साली नोबेल मिळालेले इल्या मेचनिकॉव्ह बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दह्यावर भाळले होते. आजींनी हे नाव ऐकलेलं नाही. त्यांच्याकडे विरजण आलं सासूकडून.

(डेरा, रवी, दोरी. मूळ आवाज दहा सेकंद.)

लोणी वर आलं. खाली राहिली ती मही. शहरात ताक म्हणतात.

(अंगणात पोरं, हातात पेले.)

आपल्या रोगप्रतिकारक पेशींची मोठी फौज आतड्याच्या भिंतीलगत असते. उपकारक जिवाणू तिथं जागा अडवतात, आम्ल सोडतात, त्रासदायक जंतूंच्या तोंडचं अन्न पळवतात. या पेशींनाही ते सावध ठेवत असावेत. अर्थात दह्यातला प्रत्येक जिवाणू पोटातल्या आम्लातून जिवंत पोचत नाही, आणि कढी उकळली की तोही हिशेब संपला. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांच्या चाचणीत रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. पण तिथं दिलं होतं ते दही नव्हे. निवडलेला एकच जिवाणू, त्याच्या खाद्यासकट, सात दिवस मोजून.

(पातेल्यात आंबील.)

ज्वारीचं पीठ रात्रभर महीत आंबलं, सकाळी शिजलं. शिजताना जिवाणू गेले. म्हणून आजी थांबल्यात. आंबील निवाली की वरून ताजी मही ओततील. का, ते आम्ही विचारलं. ‘गरम असलं की फाटते,’ म्हणाल्या.

(शेताची वाट. डोक्यावर पाटी, पाटीत गडवा. निवेदन नाही.)